तीन नावे, पस्तीस डोकी

समाजशास्त्राच्या एम.ए.ला ‘ग्रामसमुदाय’ हा विषय शिकवताना आमचे एक प्राध्यापक अगदी भारावून जात. गाव म्हणजे स्वयंपूर्ण घटक, एकमेकांच्या आधाराने जगणारा, वर राज्ये आली-गेली तरी खाली न हललेला, वगैरे. मागच्या बाकावरच्या आम्हा काहीजणांची घरे या घटकाच्या बाहेर, ओढ्यापलीकडे होती; पण परीक्षेच्या पेपरात तसे लिहायची सोय नव्हती. सरांचे आवडते उदाहरण मात्र आपल्याकडचे नव्हतेच. ते होते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातले लॅक्स्टन. बघा, तिथे आजही गावाची शेती गावानेच नेमलेले पंच पाहतात, आजही सामाईक शिवार टिकून आहे, आणि आपण मात्र सगळे घालवून बसलो, असा त्यांचा सूर असे.

मी त्या गावाचा नाद सोडला नाही. गेली काही वर्षे गायरानाच्या आणि सातबाराच्या कामात असल्यामुळे कुठलेही गाव समोर आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : याची सर्वात जुनी नोंद कुठली, आणि त्या नोंदीत कोणाची नावे आहेत?

लॅक्स्टनमध्ये आज काय आहे ते आधी सांगतो, कारण ते खरोखरच पाहण्यासारखे आहे. गावाला तीन मोठी उघडी शिवारे आहेत : साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड. त्यांना आत कुंपण नाही. एकेका शिवारात वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या आहेत. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरायचे पीक, तिसरे पडीक, आणि दरवर्षी हा क्रम पुढे सरकतो. नांगराला न जुमानणाऱ्या ओलसर किंवा उताराच्या जागा गवतासाठी सोडलेल्या असतात. त्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात आणि त्या गवताचा लिलाव होतो. हिवाळ्याच्या तोंडाशी गावचे पंच गव्हाच्या शिवारात फिरतात, खुंट्या ठोकून हद्दी पक्क्या करतात आणि कोणी वाटेत किंवा साइकमध्ये नांगर घातला असेल तर त्याची नोंद करतात. मग आठवड्याभराने गावातल्या मद्यगृहात ‘कोर्ट लीट’ बसते, दंड ठरतो, नवे पंच शपथ घेतात. हा निव्वळ जत्रेतला देखावा नाही. १९७७च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनच्या सभेचा अधिकार मुद्दाम राखून ठेवला गेला.

कोणालाही मोह पडावा असेच हे चित्र आहे. आता या गावाची पहिली लेखी नोंद पाहू.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. १०८५च्या नाताळात ग्लॉस्टर येथे दरबार भरवून त्याने साऱ्या राज्याची पाहणी करायचे ठरवले आणि १०८६ मध्ये ती झाली. तेरा हजारांवर ठिकाणांची नोंद असलेली ही पाहणी पुढे ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखली जाऊ लागली. डूम्सडे म्हणजे कयामतचा, अंतिम निवाड्याचा दिवस. या वहीत लिहिलेल्यावर अपील नाही, म्हणून लोकांनीच तिला हे नाव दिले, असे बाराव्या शतकातला राजाचा एक खजिनदार लिहून गेला आहे. राजाचे अधिकारी गावोगावच्या जमिनीबद्दल शपथेवर साक्षी घेत. जमीन कोणाची होती, आता कोणाची आहे, नांगर किती, माणसे किती, रान किती, कुरण किती, पूर्वी किंमत किती, आज किती, आणि आणखी काही वसूल होऊ शकेल का? शेवटचा प्रश्न नीट वाचा. सगळी पाहणी त्या एका प्रश्नासाठी होती.

लॅक्स्टनची नोंद लॅटिनमध्ये आहे आणि ती चार-पाच ओळींत संपते. तिचा आशय असा : पूर्वी ही जमीन टोकी नावाच्या माणसाकडे होती. आता ती जेफ्री अल्सेलिनची आहे आणि त्याचा माणूस वॉल्टर ती सांभाळतो. वॉल्टरचा स्वतःचा एक नांगर. गावात २२ व्हिलेन आणि ७ बोर्डार, त्यांचे मिळून ५ नांगर. ५ दास आणि १ दासी. ४० एकर कुरण. एक लीग लांब व अर्धा लीग रुंद चराऊ रान. राजा एडवर्डच्या काळी किंमत ९ पौंड, आता ६ पौंड.

झाले. टोकी, जेफ्री, वॉल्टर ही तीन नावे. बाकीची पस्तीस डोकी. ज्याची जमीन हिसकावली त्याचे नाव आहे, ज्याला दिली त्याचे आहे, ज्याने त्याच्या वतीने सांभाळली त्याचेही आहे. ज्यांनी कसली त्यांचे मात्र आकडे आहेत, आणि तेही नांगर आणि कुरण यांच्या मधल्या जागेत.

हे पस्तीसजणही एका पायरीवर नव्हते. व्हिलेन म्हणजे त्यातल्या त्यात बरा कुणबी. अशांकडे साधारण पंधरा ते तीस एकर जमीन असे, पण त्या बदल्यात धन्याच्या शेतावर राबणे आले. बोर्डार म्हणजे खोपटे आणि पोटापुरताही न पिकणारा तुकडा असलेला. त्याखाली दास, ज्याचे स्वतःचे असे काहीच नव्हते; तो विकला जाऊ शकत होता. आणि सर्वांच्या शेवटी ती एकटी दासी. दासींची वेगळी मोजणी या साऱ्या पाहणीत क्वचितच आढळते. बहुतेक परगण्यांत अधिकाऱ्यांनी ती करण्याची तसदीच घेतली नाही. लॅक्स्टनमध्ये घेतली. ती कोणाची कोण होती, कुठून आली, धन्याच्या घरी दळत होती की गुरांकडे होती, हे त्या वहीने विचारलेले नाही.

जाता जाता एक गोष्ट. व्हिलेन या शब्दाचा मूळ अर्थ गावात, वाडीवर राहणारा एवढाच. त्याच शब्दापासून पुढे आपल्या सिनेमातला ‘व्हिलन’ तयार झाला. राबणाऱ्याचे नाव कालांतराने शिवी होते, हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

आता त्या प्रसिद्ध सहकाराकडे येऊ. गावच्या २९ घरांत मिळून ५ नांगर. या वहीच्या हिशेबात एका नांगराला आठ बैल धरतात, म्हणजे ४० बैल. घरटी दीड बैलसुद्धा येत नाही! मग सावड केल्याशिवाय नांगरट होणारच कशी? आपल्याकडच्या सावडीचे आणि इर्जिकेचेही पुष्कळ गोडवे गायले जातात. पण ज्याच्या दावणीला आठ बैल आहेत त्याला सावड लागत नाही. गावाचा एकोपा ही ग्रामीण मनाची उदात्तता नव्हती, ती बैलांची टंचाई होती. वॉल्टरला कोणाशी एकोपा करावा लागला नाही. त्याचा नांगर त्याचा होता, आणि धन्याच्या नांगरामागे चालणे हेच अशा दासांचे मुख्य काम असे. इसवी सन १०००च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या इंग्रज धर्मगुरूने मठातल्या मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी संवाद लिहिले. त्यातला नांगऱ्या सांगतो की कितीही कडाक्याची थंडी असली तरी धन्याच्या धाकाने पहाटे बाहेर पडावेच लागते, बैल हाकणाऱ्या पोराचा आवाज थंडीने आणि ओरडून बसला आहे, आणि हे सगळे सोसायचे कारण एकच, मी मोकळा माणूस नाही. व्याकरणाच्या धड्यातसुद्धा हे लपवता आले नाही.

मग लॅक्स्टन आणि आपले गाव यांची सांगड घातली कोणी? ती आमच्या सरांची कल्पना नव्हे. हेन्री मेन हा इंग्रज कायदेपंडित १८६२ ते १८६९ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होता. परत गेल्यावर, १८७१ मध्ये, त्याने पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या ग्रामसमुदायांवर पुस्तक लिहिले. इंग्लंड-जर्मनीतली जुनी उघडी शिवारे आणि हिंदुस्थानातले गाव ही एकाच प्राचीन व्यवस्थेची रूपे आहेत, तिकडे जे मेले ते इकडे अजून जिवंत आहे, असा त्याचा एकंदर सिद्धान्त. त्याआधी १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफने आपल्या गावांना छोटी प्रजासत्ताके म्हटलेच होते. या साहेबांनी गाव पाहिले ते महसुलाच्या कागदातून. पाटील-कुलकर्ण्याने जे सांगितले ते कागदात आले, आणि कागदात आले ते सिद्धान्तात गेले. पुढे गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिले, तेव्हा वाचनासाठी सुचवलेल्या पुस्तकांच्या यादीत मेनचे हे पुस्तक होते. ग्रामस्वराज्याला आपण अस्सल देशी विचार समजतो. त्याचा एक धागा असा लंडनहून आलेला आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी मेटकाफचा उल्लेख करूनच या कौतुकाचा समाचार घेतला. ज्यांना गाव हे डबके वाटले त्यांच्या बाजूने ते बोलले आणि घटनेचा घटक गाव नव्हे, व्यक्ती मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्या भाषणावरून त्यांना आजही गावद्वेष्टे म्हटले जाते. माझे म्हणणे एवढेच की बाबासाहेबांनी आपल्या गावाबद्दल जे सांगितले, ते मेनच्या लाडक्या इंग्रजी गावालाही त्याच्या पहिल्याच नोंदीपासून लागू होते. तिथे सामाईक शिवार होते हे खरे, पण गाव म्हणजे कोण, हे ठरवताना सहा माणसे शिवारात होती आणि गावात नव्हती.

या पाहणीतल्या एकूण नोंदलेल्या माणसांत दास सुमारे दहा टक्के होते. यॉर्कशायर आणि लिंकनशायरच्या नोंदीत ते दिसत नाहीत, पश्चिमेच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात सुमारे चारातला एक दास होता. ब्रिस्टल बंदरातून माणसे आयर्लंडला विकायला जात. वुस्टरचा बिशप वुल्फस्टन या व्यापाराविरुद्ध तिथे जाऊन प्रवचने देई. ११०२ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने माणसांना जनावरांसारखे विकण्याचा निषेध केला. (सहाशे वर्षांनी याच ब्रिस्टलची जहाजे आफ्रिकेत माणसे भरायला गेली. तेव्हा ‘इंग्रज सुधारले’ असा अर्थ यातून कोणी काढू नये.) पण खुद्द इंग्लंडच्या मातीत मात्र बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत दास हा वर्ग जवळजवळ नाहीसा झाला.

तो कसा नाहीसा झाला, हा खरा प्रश्न आहे. धर्मसभेच्या ठरावाने झाला असे मला वाटत नाही. दास बाळगणाऱ्यांत मठ आणि बिशपही होते, आणि पुढच्या काळात कुळांकडून वेठ वसूल करण्यात मठांइतके काटेकोर कोणी नव्हते. धन्याने हिशेब केला. दासाला बारा महिने पोसायचे, आजारी पडला तरी पोसायचे. त्यापेक्षा त्याला एक खोपटे आणि तुकडा दिला तर तो स्वतःचे पोट स्वतः भरतो आणि वर कामालाही येतो. असा दासाचा बोर्डार झाला. यात दया नव्हती, पण हातात तुकडा आला. तुकडा आला की शेजार आला, शेजार आला की सोयरीक आली. व्हिलेनच्या मुलीचे लग्न लावायचे तर धन्याला ‘मर्चेट’ नावाचा कर द्यावा लागे, आणि तो अपमानाचाच कर होता. पण तो नाण्यात भरता येत होता. धन्याला पैसा हवा होता, त्याला कोणाच्या रक्ताची शुद्धी राखायची नव्हती. दोन-चार पिढ्यांत कोणाचा आजा दास होता हे गावालाही सांगता येईना.

इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. व्हिलेनची गुलामगिरीही जन्मानेच मिळत होती की! होय, मिळत होती. न्यायालयात माणूस व्हिलेन आहे हे सिद्ध करायला त्याच्या नातलगांना उभे केले जाई. जन्म दोन्हीकडे आहे. फरक पुढचा आहे. तिथला माणूस पळून सनदी शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला की धन्याचा हक्क संपे, अशी रीत होती. आपल्याकडे माणूस शंभर वर्षे शहरात राहिला तरी भाड्याची खोली दाखवणारा आडनाव विचारतोच. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना हेच दाखवले होते : गुलामीतून सुटकेची वाट असते, कारण ती माणसाच्या स्थितीला चिकटलेली असते, अस्पृश्यता माणसालाच चिकटवलेली असते.

आणि वाट असली तरी ती कोणी आयती दिली नाही. १३४८-४९च्या महामारीत इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या मेली. मजूर मिळेना, मजुरी वाढली. राजाने लगेच १३४९ आणि १३५१ मध्ये मजुरी जुन्याच दरावर बांधून टाकणारे हुकूम काढले. त्यानंतर १३७७ मध्ये जे घडले ते मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोलाचे वाटते. दक्षिण इंग्लंडातल्या सुमारे चाळीस गावांतल्या कुळांनी पैसे गोळा करून डूम्सडे बुकातल्या आपापल्या गावच्या नोंदीच्या अधिकृत नकला काढल्या. पूर्वापार राजाच्या खास जमिनीवर असलेल्या कुळांना वाढीव वेठ लावता येत नाही असा कायदा होता. आमचे गाव तसे होते हे या वहीवरून सिद्ध होते, म्हणून आम्ही वेठ करणार नाही, असे त्यांनी सांगितले. जी वही त्यांच्या पूर्वजांना नांगर-बैलांबरोबर मोजायला केली होती, तीच त्यांनी धन्यासमोर धरली. लॅक्स्टन या गावांत नव्हते. आणि जिंकले कोणीच नाही. जमीनदारांनी पार्लमेंटात तक्रार केली आणि या नकलांचा कुळांना उपयोग होणार नाही असे ठरले. चार वर्षांनी, १३८१ मध्ये, उठाव झाला तेव्हा शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी जमीनदारांची दप्तरेच जाळली. आधी कागद मागितला, नाही मिळाला तेव्हा कागद जाळला. क्रम महत्त्वाचा आहे.

इंग्लंडमध्ये व्हिलेनगिरी रद्द करणारा एक असा कायदा कधी झालाच नाही. वेठीचे पैशात रूपांतर होत गेले, जमीनदाराच्या न्यायसभेच्या दप्तरात कुळाचे नाव लागले, आणि त्या नोंदीची नक्कल हाच कुळाचा पुरावा ठरला. या हक्काला ‘कॉपीहोल्ड’, म्हणजे अक्षरशः नकलेवरचा हक्क, म्हणत. तो १९२६ पर्यंत चालला. आता आपल्याकडे पाहा. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे काय होते? कामाचे तास ठरलेले नाहीत, मोबदला ठरलेला नाही, घरातला एकजण नसला तर दुसऱ्याला हजर व्हावे लागते. म्हणजे वेठच. ती संपवणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. तिकडे जमिनीचा तुकडा माणसाला दासपणातून बाहेर काढत होता. इकडे वतनाचा तुकडा माणसाला त्याच कामाला बांधून ठेवत होता. जमीन मिळाली की माणूस सुटतो, हे अर्धेच सत्य आहे. ती कोणत्या अटीवर मिळाली ते विचारावे लागते.

शेवटी, लॅक्स्टनच टिकले कसे? अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर उघडी शिवारे कुंपणे घालून खाजगी करण्यात आली. पार्लमेंटने त्यासाठी हजारो कायदे केले. ज्याच्याकडे कागद होता त्याला वाटणीत जमीन मिळाली. जो पिढ्यान्‌पिढ्या केवळ वहिवाटीने गाय चारत होता, सरपण आणत होता, त्याच्या हाती काहीच आले नाही. गायरानावर तीस वर्षे कसूनही ज्यांचे नाव फक्त अतिक्रमणाच्या एक-ई नोंदवहीत आहे, किंवा तिथेही नाही, अशा बायकांबरोबर मी तलाठ्याच्या दारात बसलेलो आहे. त्यामुळे ही गोष्ट मला परदेशी वाटत नाही. लॅक्स्टन यातून वाचले ते गावाच्या एकजुटीने नव्हे. गावातली जमीन वाटून असलेल्या बड्या मालकांचे कुंपणांबाबत आपसात जमले नाही म्हणून वाचले.

१६३५ मध्ये मार्क पिअर्स या मोजणीदाराने काढलेला या गावाचा भलामोठा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकेक पट्टी दाखवली आहे, आणि शेतात नांगरणारी, कापणी करणारी इवलीशी माणसेही काढली आहेत. पट्ट्यांना धारकांची नावे आहेत. इवल्या माणसांना नाहीत. नकाशा काढून घेतला तो मालकाने, नुकत्याच विकत घेतलेल्या मालाची मोजदाद म्हणून. पुढे हे गाव मॅनव्हर्स या उमराव घराण्याकडे होते; १९५२ मध्ये ते सरकारच्या शेती मंत्रालयाने विकत घेतले, १९८१ मध्ये राजघराण्याच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले, आणि २०२० मध्ये क्राउन इस्टेटने ते थोर्सबी इस्टेटला, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच जुन्या जहागिरीला, परत विकले. पंच त्याही हिवाळ्यात खुंट्या ठोकायला होतेच. वाटेत नांगर घालणाऱ्याला दंड करण्याचा त्यांना अधिकार आहे. गाव कोणाला विकायचे, हे त्यांच्या सभेपुढे कधी आलेले नाही.